कमरपट्ट्याची उशी

दोंग मावशींवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, नोव्हेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळची कॉफीची सुट्टी संपल्यावर आणि जेवणाची सुट्टी व्हायच्या आधी. जागा: ड्रेस्डेनपासून एस-बान लोकलने पाऊण तासावरच्या एका भरतकामाच्या कारखान्यातली नमुन्यांची खोली. हत्यार: दोरे कापायची छोटी, वाकड्या टोकाची कात्री. कापलं काय, तर मावशींच्या आईने स्वतःच्या लग्नासाठी भरलेला, मग मावशींनी त्यांच्या लग्नात बांधलेला कमरपट्टा. त्यातला तळहाताएवढा भाग. त्याच कारखान्यात मी नोकरी करते. अजून करते.

इथल्या मराठी मंडळाच्या या दिवाळी अंकाचे संपादक सुहासकाका यांनी माझ्याकडे मागितलं होतं वेगळंच.

"अगं मृणाल, तू त्या भरतकामाच्या फॅक्टरीत आहेस ना? लिही की. गिऱ्हाइकांच्या गमतीजमती वगैरे. हलकंफुलकं."

"काका, मला हलकंफुलकं येत नाही."

"माहितेय. म्हणून तर आधीच सांगतोय."

काकांचं चुकलं नाही. इचलकरंजीला टेक्स्टाइल इंजिनिअरिंग करताना मी अभ्यासापेक्षा पत्रकं जास्त लिहिली. मेसच्या आमटीवर, मुलींच्या वसतिगृहाचं गेट बंद व्हायच्या वेळेवर, प्रॅक्टिकलला मुलींना मशीनला हात लावू न देणाऱ्या सरांवर. गुळगुळीत लिहायला तिथे कुणी शिकवलं नाही. तरी काकांचा मान ठेवून गमती आधी उरकते.

माझं काम असं. गिऱ्हाईक चित्र आणून देतं. मशीनला चित्र कळत नाही. तिला फक्त एवढंच कळतं की सुई इथे खाली घाल, मग तिथे, मग त्याच्या शेजारी. चित्राचं अशा हजारो टाक्यांमध्ये रूपांतर करायचं, ते मी करते. धंद्यात याला पंचिंग म्हणतात, कारण पूर्वी पुठ्ठ्याच्या पट्टीला भोकं पाडून मशीनला नक्षी सांगत. आता कॉम्प्युटरवर होतं, नाव तेच राहिलं. बाहेरच्यांना वाटतं, बटण दाबलं की झालं. बटण दाबून बघा. दोरा कापडाला ओढतो, कापड आक्रसतं आणि तुम्ही काढलेला सुरेख गोल अंड्यासारखा बाहेर येतो. म्हणून मी मुद्दाम अंडं काढते, उलट्या बाजूला फुगलेलं, म्हणजे कापडावर गोल येतो. कोणतं कापड किती खोटं बोलतं हे माहीत असणं, एवढीच या धंद्यातली विद्या. ती मला बरी येते.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एका गावाचं फायर ब्रिगेड मंडळ आलं होतं. बिल्ल्यावर संस्थापकांची मिशी हवी, पण भारदस्त. मी केली. ते म्हणाले, ही मिशी समोरच्या गावाच्या संस्थापकांची वाटते. पुन्हा केली. शेवटी त्यांच्यातच दोन गट पडले आणि अर्ध्यांचे बिल्ले एका मिशीचे, अर्ध्यांचे दुसऱ्या. एक आजी वारलेल्या कुत्र्याचा फोटो घेऊन आल्या. त्याचं चित्र आंघोळीनंतरच्या झग्यावर हवं, आणि कान डावीकडे मुडपलेला. "तो माझं ऐकायचा तेव्हाच तसा करायचा." तो कान मी जेवणाची सुट्टी मोडून केला. नेमबाजांच्या क्लबाचा गरुड आमच्याकडून कोंबडीसारखा गेला, त्यांनी तसाच लावला, आता लोक त्यांना चिडवतात. झाल्या गमती.

आता दोंग मावशी.

मावशी 'तू' नावाच्या समाजातल्या. चीनच्या छिंगहाई प्रांतात, तिबेटच्या पठाराच्या कडेला डोंगरात शेती आणि मेंढरं करून राहणारा हा लहानसा समाज. नाव ऐकून मराठी माणूस हसतो. मीही हसले होते, पुढे जाऊ. त्यांच्या बायकांच्या अंगरख्याच्या बाह्या रंगीत पट्ट्यांच्या असतात, इंद्रधनुष्य गुंडाळल्यासारख्या. मावशी रंग मोजून दाखवतात: काळा म्हणजे जमीन, हिरवा म्हणजे चारा, पिवळा म्हणजे धान्य. मुलगी लहानपणीच सुई धरते आणि लग्नाला जे नेसायचं ते स्वतः भरते. सासरचे आधी नक्षी बघतात, मग मुलगी.

त्यांचा टाका मी इचलकरंजीत पाहिला नव्हता, जर्मनीतही नाही. फ्रेम नाही, कापड हातातच. दोन सुया, दोन दोरे. एका दोऱ्याचं बारीक वेटोळं कापडावर ठेवायचं, अंगठ्याने दाबायचं आणि दुसऱ्या सुईने ते जागेवर टाचून टाकायचं. मग पुढचं. पहिली सुई तोवर छातीवर अडकवलेली असते. राजगिऱ्याच्या दाण्याएवढी वेटोळी, ओळीला ओळ लागून, मध्ये कापड दिसत नाही. प्रत्येक वेटोळं आपापलं बांधलेलं, त्यामुळे एक तुटलं तरी शेजारचं हलत नाही. कापड विरून जातं, नक्षी राहते.

मावशींची मुलगी यिंग ड्रेस्डेनला पीएचडी करते. विद्यार्थी असताना आमचं स्वयंपाकघर एक होतं. तिच्या व्हिनेगरला मी नावं ठेवायचे, ती माझ्या हिंगाला. यिंगचं लग्न ठरलं म्हणून मावशी आल्या होत्या, आणि येताना कमरपट्टा आणला होता. तो यिंगने बांधायचा होता.

आमच्या कारखान्याच्या गावात दर वर्षी परदेशी लोकांना टेबलं मांडून बसवायचा एक कार्यक्रम होतो. मला नेहमीप्रमाणे रांगोळीवर बसवलं होतं, शेजारच्या टेबलावर मावशी सुई घेऊन. आमचे शेफ, म्हणजे मालक, फिरत फिरत आले आणि पट्ट्यापाशी थांबले ते हललेच नाहीत. दोन दिवस फोटोंसाठी मिळेल का, विचारा ना. शेफ जर्मनमधून मला, मी इंग्रजीतून यिंगला, यिंग तिच्या भाषेत आईला. मावशींनी पट्ट्यावरून हात फिरवला आणि एकच प्रश्न विचारला. तो तसाच तीन भाषांतून उलटा आला.

"धुणार तर नाहीत ना?"

शेफ मोठ्याने हसले. "नाही, नाही. फक्त फोटो."

कापणार का, असं कुणी विचारलं नाही. का विचारेल?

इथे आमच्या जमातीची एक खोड सांगायला हवी. कापडवाल्याच्या हातात कापड आलं की तो आधी त्याचा दोरा ओढतो. इचलकरंजीला पहिल्या वर्षी तेच शिकवतात: तुकडा घ्या, भिंगाखाली धरा, दोरे सोडवा, कसं विणलंय ते सांगा. मी लग्नात बायकांच्या शालूचा पदर उलटा करून बघते, शिव्या खाते. जर्मनीत याची रीतसर खोली असते आणि आमच्या खोलीत एक करडा ट्रे आहे. ट्रेमधली वस्तू म्हणजे नमुना, आणि नमुना म्हणजे उसवायचा. विचारायचं नाही. शेफनी फोटो झाल्यावर पट्टा त्या ट्रेमध्ये ठेवला. म्हणाले, दुसरी जागा सुचली नाही.

त्या खोलीत हेर ब्रांट बसतात. पांढऱ्या मिशा, निवृत्तीला आलेले, सगळं आयुष्य दोरे सोडवण्यात गेलेलं. मी खालच्या मशीन हॉलमधून वर आले तेव्हा त्यांनी मला आनंदाने हाक मारली.

"फ्राऊ मगदूम, इकडे या, बघा. उसवतच नाही हे. मागून ओढलं, पुढून ओढलं, एकेक टाका वेगळा धरून बसलाय. असं मी आजवर पाहिलं नाही. शेवटी कापावंच लागलं."

भिंगाखाली लाल, पिवळ्या दोऱ्याचा चुरा होता. पट्ट्याच्या टोकाशी, जिथे नक्षी सगळ्यात दाट असते, तिथे नुसतं काळं कापड.

मी म्हटलं, "हेर ब्रांट, हा नमुना नाहीये."

"ट्रेमध्ये होता," ते म्हणाले. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी कात्री खाली ठेवली.

पट्टा परत द्यायला मीच गेले. मावशींनी तो उलटा केला, मागची बाजू पाहिली, पुन्हा सुलटा केला. रडल्या नाहीत. यिंगला काहीतरी म्हणाल्या.

"विचारतेय, कापलेले दोरे कुठे आहेत."

दोरे व्हॅक्यूममध्ये गेले होते.

तिसऱ्या दिवशी मावशी यिंगला घेऊन स्वतः कारखान्यात आल्या, ठेवणीतला रंगीत बाह्यांचा अंगरखा घालून. शेफनी कॉफी मागवली, बिस्किटं मागवली. "आल्झो, हे बघा, फार दुर्दैवी गैरसमज झाला." आम्ही मशीनवर हुबेहूब भरून देऊ, कुणाला कळणारही नाही.

"मला कळेल," मावशी म्हणाल्या.

मग शेफनी, त्यांना बरं वाटावं म्हणून, आपला लॅपटॉप फिरवला. पट्ट्याच्या टोकावरची नक्षी एका चौकोनी उशीवर बसवलेली. हा खरा उद्देश होता, फोटो त्यासाठीच होते. नवीन कलेक्शन. मावशींनी पडद्यावरच्या उशीवर बोट ठेवलं.

"हे कुठे ठेवणार?"

"सोफ्यावर."

"बसायला?"

"हो, टेकायला, बसायला, कसंही."

मावशी बोलल्या. यिंगने कॉफीचा कप उचलला. मी तिला म्हटलं, सांग ना. ती इंग्रजीत पुटपुटली, "ती म्हणतेय, नवरीच्या कमरेचं हा माणूस बुडाखाली घेणार का."

मी ते वाक्य शेफना पूर्ण सांगितलं. एक शब्द गाळला नाही. माझं जर्मन इतकं स्वच्छ कधी आलं नव्हतं.

मावशींचं म्हणणं दोनच गोष्टींचं होतं. झालं ते चारचौघांत कबूल करा, आणि ही उशी करू नका. भरपाई म्हणून शेफनी गिफ्ट व्हाउचर पुढे केलं, ते त्यांनी बिस्किटांच्या बशीखाली सरकवून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात उशीचं पंचिंग माझ्या टेबलावर आलं. मी नाही म्हणाले. शेफनी धमकी वगैरे दिली नाही, ते सभ्य गृहस्थ आहेत. फक्त माझ्या ब्लू कार्डाची, म्हणजे इथे राहून काम करायच्या परवान्याची, मुदत कधी संपते ते आपुलकीने विचारलं. त्या संध्याकाळी मी पत्रक लिहायला बसले. वर लिहिलं, "आपल्या कारखान्याने काय कापलं." खाली सगळा प्रकार आणि करड्या ट्रेचा नियम बदलण्याची मागणी. बेट्रीब्सराटला, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेल्या मंडळाला, आधी दाखवलं. ते म्हणाले, गेटच्या बाहेर उभी राहून पत्रकं वाट. मी उभी राहिले. हातमोज्यातून कागद सुटे होत नाहीत, ही इचलकरंजीला न आलेली अडचण.

पत्रकावर पहिले चिडले ते हेर ब्रांट. माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"तुम्ही माझं नाव लिहिलं नाहीत."

"चूक पद्धतीची आहे, हेर ब्रांट. तुमची एकट्याची नाही."

"गेनाऊ, बरोबर. तसंच लिहिलंय तुम्ही. पण कात्री पद्धतीने धरली नव्हती. मी धरली होती. आता सगळे जण माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसे बोलतात." मग म्हणाले, "त्या बाई कुठे राहतात?"

माझ्याकडे पत्ता होता. शनिवारी दुपारी मी त्यांना यिंगच्या फ्लॅटवर घेऊन गेले. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातात फुलांची कुंडी. दार उघडलं तर मावशी ताट घेऊन उभ्या, ताटात तीन छोटे पेले. त्यांच्याकडे पाहुणा आला की उंबऱ्यातच तीन पेले द्यायचे, जवाच्या दारूचे. इथे ती मिळत नाही, म्हणून सुपरमार्केटमधली कोर्न, इथली धान्याची दारू.

"मला ब्लडप्रेशरच्या गोळ्या आहेत," हेर ब्रांट मला हळूच म्हणाले.

"मग एकात बोट बुडवून शिंपडलं तरी चालतं," यिंगने सांगितलं.

त्यांनी तिन्ही घेतले. मग उभ्याउभ्याच, पाठ करून आलेलं म्हणावं तसं, म्हणाले की मी कापलं, मी विचारायला हवं होतं. मावशींनी ऐकून घेतलं, त्यांना बसवलं, नूडल्स वाढल्या. जेवण झाल्यावर हेर ब्रांटनी धीर करून विचारलं, तो टाका कसा घालतात, एकदा दाखवाल का?

"नाही," मावशी म्हणाल्या. "मला सांगितलंत ते आधी तिथे सांगा."

बेट्रीब्सराटच्या सभेत हेर ब्रांट उठले. म्हणाले, "पट्टा मी कापला. विचारलं नाही. यापुढे ट्रेमधल्या वस्तूवर मालकाचं नाव आणि 'कापायला हरकत नाही' अशी सही नसेल, तर मी कात्री लावणार नाही, तुम्हीही लावू नका." आणि खाली बसले. तो नियम आता भिंतीवर आहे. शेफनीही दिलगिरी व्यक्त केली, विमा कंपनीच्या पत्रात असते तशी. सोमवारी हेर ब्रांट पुन्हा मावशींकडे गेले, एकटे. टाका शिकून आले. त्यांची वेटोळी मटाराएवढी येतात.

पट्टा दुरुस्त का केला नाही, असं मला बरेच जण विचारतात. मावशींना येतो की तो टाका. मीही विचारलं होतं. त्यांनी पट्टा उजेडात धरला. "आईचा हात माझ्यापेक्षा घट्ट होता. इथे मी भरलं तर ओळ तिची राहणार नाही." मे महिन्यात यिंगने तोच बांधला, ड्रेस्डेनच्या विवाह नोंदणी कार्यालयात, लाल अंगरख्यावर. तिला कापलेलं टोक आत खोचायचं होतं. फोटोत नको, म्हणाली. मावशींनी ते बाहेर ओढून पुढे सोडलं.

"दिसू दे. लोक विचारतील. विचारलं की सांगता येतं."

आणि लोकांनी विचारलं. नवरदेवाच्या आत्याने विचारलं, नोंदणी अधिकाऱ्याने विचारलं. मावशींनी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगितलं, यिंगने भाषांतर केलं, स्वतःच्या लग्नात, एकदाही न कंटाळता. मी इतकी वर्षं पत्रकं वाटली, त्यातलं एकही एवढं वाचलं गेलं नाही.

इथे लेख संपला असता तर काकांना आवडलं असतं. पण उशी निघाली. पंचिंग बाहेरच्या माणसाकडून करून घेतलं आणि उन्हाळा संपता संपता ती दुकानात आली. बरोबर एक छापील कार्ड: "रेशीम मार्गावरच्या भटक्यांची जादू." तू लोक भटके नाहीत, शेतकरी आहेत. कार्डावर तू हा शब्द नाही, दोंग हा शब्द नाही. मी शेफना जाऊन विचारलं. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, आणि ते मी इथे जसंच्या तसं देते, कारण ते खरं आहे.

"फ्राऊ मगदूम, लोकांना ती आवडतेय. तुमच्याशिवाय कुणाची तक्रार नाही. एकही उशी परत आलेली नाही. परत येऊ लागल्या तर आम्ही थांबवू, त्यात काय."

आता आपलं. यंदाच्या गणपतीत आपल्या मंडळाला प्रायोजक कोण होता, आठवा: आमचाच कारखाना. समारोपाला प्रत्येक स्वयंसेवक कुटुंबाला कागदात गुंडाळून काय दिलं, आठवा. मी मांडवात उभी राहून हेच सगळं सांगत होते, पण आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कोण ऐकतं.

इथवरचा लेख वाचून काकांचा फोन आला.

"अगं, ते आपले प्रायोजक आहेत."

"म्हणून तर इथे लिहिलं."

"मागच्या कव्हरवर त्यांची जाहिरात आहे, मृणाल."

"काका, तुमच्याकडे आहे का ती उशी?"

काका हळूच म्हणाले, "तुझी काकू तिला पाठीशी घेऊन टीव्ही बघते." आणि मग, "छापतो. पण शेवटी नुसती आग पाखडू नकोस, लोकांनी करायचं काय ते सांग."

सांगते. कारखान्याने ब्लू कार्ड विचारलं तरी मी जागची हललेली नाही. हेर ब्रांट सभेत उठून बोलले. मावशी परत गेल्या, पण दर रविवारी यिंगला फोन करून आधी हेच विचारतात की उशी थांबली का. तिला अजून नाही म्हणावं लागतं. आमच्यापैकी कुणाच्याही हातात नसलेली एक गोष्ट तुमच्या हातात आहे. तुमच्या सोफ्यावर आहे.

उशीचं कव्हर काढा. नुसतं कव्हर, आतला कापूस ठेवा. पाकिटात घाला. एका कागदावर लिहा: "ही नक्षी तू समाजाच्या दोंग शिउमेई यांच्या आईच्या लग्नाच्या कमरपट्ट्यावरची आहे. त्यांनी नाही म्हटलं होतं. आम्हाला ही नको." खाली स्वतःचं पूर्ण नाव, सहीसकट. कारखान्याचा पत्ता कव्हरच्या आतल्या शिवणीत पांढऱ्या पट्टीवर आहे. फराळाला बसायच्या आधी पोस्टात टाका. उठा.